दोन बोटं जागा

त्सेलाला विकत घेतलं तेव्हा
तिच्या नाकाडावर एक पांढरं कडं होतं.
बाकी सगळी कुमैत, आयाळ काळीभोर,
आणि नाकावर कुणी खडूनं ओढावी तशी रेघ.
लिपुओ म्हणाली, किती छान, दागिनाच!
न्ताते सेखोबेंनी त्या कड्यावरून अंगठा फिरवला.
शिंगरू असताना घातलेली मोरखी, ते म्हणाले,
कुणी काढलीच नाही.
शिंगरू वाढलं. मोरखी कशी वाढणार?

जखम भरते, केस परत येतात,
फक्त आपला रंग विसरून येतात.

सेमोंकॉन्गला जुलैत पहाटे
बादलीतल्या पाण्यावर काच धरते.
ब्लँकेटची पिन हनुवटीखाली लावून
मी रबरी खरारा हातात घेते.
खांद्याशी उभी राहते, मागे कधीच नाही,
आणि मानेपासून गोल, गोल, गोल.
धुळीची वाफ उठते, माझ्या पापण्यांवर बसते.
जिथे हाड वर आलंय तिथे तुझा जोर नको,
न्ताते ओट्यावरून ओरडतात,
गुडघ्याखाली मऊ ब्रश, तोंडावर नुसता हात.
खोगिराच्या जागेवर कालचा घाम
मिठासारखा वाळलेला. तो तसाच राहिला
तर उद्या तिथेच फोड.
मग खूर. टाचेकडून टोकाकडे,
मधला मऊ त्रिकोण वाचवत.
गेल्या मंगळवारी डाव्या पुढच्यात
घेवड्याच्या दाण्याएवढा खडा निघाला.
तीन दिवस ती तो घेऊन
न लंगडता डोंगर चढली होती.
मी तो खडा खिशात ठेवलाय. का, माहीत नाही.

म्मे माखौहेलोंच्या दुकानात
एकाच खिळ्याला तीन मोरख्या.
दोरीची स्वस्त, बारीक, गाठीगाठींची,
शिकवायला बरी, पण ओढली की चावते.
नायलॉनची गुलाबी. लिपुओनं ती छातीशीच धरली.
दहा वर्षं तुटणार नाही, म्मे म्हणाल्या.
तेच तर, म्हणाले न्ताते.
त्लालीचा अबलख ओढ्याकाठच्या खुंटाला
रात्रभर अडकून पडला होता.
सकाळी नायलॉन शाबूत होतं.
पुढचं दुकानात कुणी बोललं नाही.

राहिली कातड्याची.
महाग, दर महिन्याला तेल मागणारी,
आणि अडकली तर तुटणारी.
तुटावी म्हणूनच घ्यायची.
शेळ्यांच्या लोकरीचे पैसे मी
फळीवर दोनदा मोजले.

गालफडाच्या हाडाखाली दोन बोटं सोडून नाकपट्टी,
आणि पट्टीखाली दोन बोटं सहज सरकावीत.
पण कुणाची बोटं?
न्तातेंची दोन म्हणजे माझी तीन.
आम्ही दोघांनी आलटून पालटून घालून पाहिली,
त्सेला सगळा वेळ कान फिरवत उभी.
एक भोक घट्ट, पुढचं सैल.
शेवटी खिळा चुलीत लाल केला
आणि दोन भोकांच्या मधे तिसरं पाडलं.
जळक्या कातड्याच्या वासानं ती फुरफुरली.
तरी पट्टी नेमकी त्या पांढऱ्या कड्यावरच यायची.
मग आतून मेंढीचं कातडं शिवलं,
लोकर तिच्याकडे.
पहिल्यांदा घातली तेव्हा
तिनं डोकं वर फेकलं, श्वास धरला,
आणि बराच वेळ सोडला नाही.
मीही नाही.

आता रोज संध्याकाळी कुरणाच्या तोंडाशी
मी मोरखी काढते.
कानामागचा पट्टा सुटेपर्यंत ती मान खाली धरते,
मग निघून जाते.
वळून बघत नाही.
खांद्यावर मोरखी, आतल्या लोकरीत अजून तिची ऊब.

गुलाबीवरून रुसलेली लिपुओ विचारते,
आणि उद्या आलीच नाही तर?

मी बाहीवरचे केस झटकते.
खरारा कुठे ठेवलास, विचारते.